मैफलीचं रेकॉर्डिंग पुढे पाठवताना: फ्लॅक कुठे, एमपीथ्री कुठे

आठ-नऊ वर्षं झाली असतील, ओळखीच्या एका घरी कोजागिरीची बैठक होती. गच्चीवर सतरंज्या, तीसेक माणसं, दोन तंबोरे, पेटी, तबला, स्पीकर वगैरे काही नाही. गाणाऱ्या बाई तेव्हा सत्तरीच्या पुढच्या, आणि त्यांनी बागेश्री असा काही मांडला की दुधाचे पेले हातात तसेच राहिले लोकांच्या. मी माझा छोटा रेकॉर्डर तिपाईवर लावला होता, छान वेव्ह फाइल मिळाली, दुसऱ्या दिवशी सगळे मागायला लागले म्हणून मी त्यातून ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट, म्हणजे बराच दाबलेला) एमपीथ्री काढला, कारण तेव्हा लोकांचा डेटा संपायचा, आणि तो ग्रुपवर टाकला. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी कार्ड भरलं होतं म्हणून फॉरमॅट मारलं. ग्रुपवर आहेच की, असं डोक्यात होतं.

तीन वर्षांनी बाई गेल्या. त्यांच्या मुलाचा फोन आला, आईचं त्या रात्रीचं गाणं तुझ्याकडे आहे ना, जरा चांगलं करून दे, आम्हाला जपून ठेवायचंय. माझ्याकडे तोच ६४चा एमपीथ्री. हेडफोनवर ऐकला तर तंबोऱ्याची जवारी (तारांचा तो झणझणता गुंजार) गायब, त्याच्या जागी पाण्याखाली कुणीतरी काहीतरी ढवळतंय असा आवाज, आणि तबल्याची चाट बोथट. ते परत आणता येत नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरने नाही. तेव्हापासून ज्या पद्धतीने काम करतो ती सगळी इथे लिहितोय, कारण घरगुती बैठका, गावातले छोटे कार्यक्रम, आजोबांच्या कॅसेटी, हे सगळं आता आपल्यासारख्यांच्या फोनवर आणि पेनड्राइव्हवरच टिकणार आहे, कुठलीही कंपनी ते परत काढून विकणार नाहीये. सिनेमातल्या गाण्याचा एमपीथ्री खराब निघाला तर दुसरा मिळतो. त्या रात्रीचा बागेश्री दुसरा मिळत नाही.

आधी दोन मिनिटं समजून घ्या

वेव्ह म्हणजे आवाज जसा मोजला तसा, सगळेच्या सगळे आकडे. सीडीच्या दर्जाचा म्हणजे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने मोजलेले, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आकडा) स्टिरिओ आवाज सेकंदाला १४११ किलोबिट खातो, म्हणजे तासाला ६३५ एमबीच्या आसपास. २४ बिट ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलं तर तासाला एक जीबीहून जरा जास्तच.

फ्लॅक हा लॉसलेस, म्हणजे काहीही न हरवणारा प्रकार. तो त्याच आकड्यांची नीट घडी घालतो. पैठणी घडी करून पेटीत ठेवली आणि वर्षाने उलगडली तर धागा न् धागा तोच, तसं. फ्लॅकमधून परत वेव्ह काढलीत तर एकही बिट इकडचा तिकडे होत नाही, आणि जागा साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश लागते. २००१ मध्ये आलेला हा प्रकार, फुकट आहे, खुला आहे, त्यामुळे उद्या अमुक कंपनी बंद पडली म्हणून फाइल उघडेना असं होणार नाही. अ‍ॅपलचा अलॅक म्हणजे त्याचाच भाऊ, तोही लॉसलेस, फ्लॅकचं अलॅक आणि अलॅकचं फ्लॅक करताना काहीच हरवत नाही, त्यामुळे त्यावरून भांडू नये.

एमपीथ्री, एएसी, ओपस हे लॉसी, म्हणजे थोडं कायमचं टाकून देणारे. हे माणसाच्या कानाचा हिशोब मांडतात, मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज आपल्याला तसाही ऐकू येणार नाही तो टाकून देतात. कल्पना खरंच हुशार आहे, आणि २५६ किंवा ३२० केबीपीएसला नीट बनवलेला एमपीथ्री बहुतेक लोकांना मूळ रेकॉर्डिंगपासून वेगळा ओळखता येत नाही, मलाही बऱ्याचदा येत नाही. खात्री करायची असेल तर फूबार२००० मध्ये एबीएक्स नावाचा जोड-भाग मिळतो, तो दोन फाइल्स नाव न सांगता वाजवतो आणि तुम्ही ओळखायचं. करून बघा, मग कळतं की ३२०च्या एमपीथ्रीला नावं ठेवणाऱ्यांपैकी कितीतरी जण नुसते आकडे बघून बोलत असतात.

मग फ्लॅकचा एवढा हट्ट कशाला? कारण लॉसी फाइल ऐकण्यापुरती ठीक, पण तिच्यावर पुढे काही करायला गेलात की ती उसवते. तुम्ही ३२०चा पाठवता, पुढचा माणूस त्यातली भैरवी कापून परत एमपीथ्री सेव्ह करतो, तिसरा त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर चढवतो, यूट्यूब आपल्या पद्धतीने परत लॉसी करतं, चौथा तिथून उतरवून १२८ला फॉरवर्ड करतो. दर वेळी नव्याने काहीतरी टाकून दिलं जातं, आणि आधीच्या वेळी झालेली खराबी कोडेकला (आवाज दाबणाऱ्या सॉफ्टवेअरला) खरा आवाज वाटते म्हणून तिच्यावर बिट खर्च होतात. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखं.

आणि आपल्या संगीतात हे जास्त बोचतं असं माझं स्पष्ट मत आहे. तंबोरा अखंड वाजत असतो, त्याच्या जवारीत वरच्या पट्टीपर्यंत स्वरांश (मूळ स्वरासोबत उमटणारे बारीक वरचे स्वर) पसरलेले असतात आणि ते हळूहळू रंग बदलत असतात, कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी किलोबिट दिले की, पहिला बळी त्यांचा जातो. तबल्याची चाट म्हणजे एकदम उठणारा आवाज, एमपीथ्री तुकड्या-तुकड्यांनी काम करतो त्यामुळे ठोक्याच्या किंचित आधीच एक अस्पष्ट फुसफुस ऐकू येते, तिला प्री-एको म्हणतात. टाळ्यांचं तर तळणीत पापड टाकल्यासारखं होतं. रॉकच्या गोंगाटात जे खपून जातं ते विलंबित आलापात उघडं पडतं.

पायरी १: रेकॉर्ड करतानाच लॉसलेस

सगळ्यात पहिलं म्हणजे कलाकाराला विचारा. संयोजकांनाही विचारा, पण कलाकाराला नक्की. रेकॉर्ड करायला हो म्हणणं आणि वाटायला हो म्हणणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्यात. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क आहे, तो सादरीकरणानंतर ५० वर्षं चालतो, आणि कायद्याचं सोडा, ज्याचा घसा आहे त्याला न विचारता त्याचं गाणं गावभर करणं बरं नाही. एखाद्या दिवशी सर्दी असते, एखादी तान फसते, त्यांना ते पुढे जायला नको असतं.

रेकॉर्डर असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. ९६ ठेवलंत तर फाइल दुप्पट होते, बैठकीसाठी मला त्यात फायदा जाणवलेला नाही. २४ बिटचा फायदा मात्र खरा आहे, तुम्ही लेव्हल कमी ठेवू शकता. सगळ्यात मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल असं ठेवा (शून्य ही वरची हद्द), म्हणजे बुवा अचानक तार षड्जावर गेले किंवा तबलजीने तिहाई जोरात मारली तरी फाटत नाही. फाटलेला आवाज फ्लॅकमध्ये ठेवलात तर तो फाटलेलाच जपला जातो.

हल्लीचे काही रेकॉर्डर ३२ बिट फ्लोटमध्ये (ज्यात शून्याच्या वरचा आवाजही मावतो) घेतात, झूमचा एफ३ तर फक्त त्यातच घेतो. त्यात लेव्हलची काळजी जवळपास मिटते, पण लक्षात ठेवा, फ्लॅकमध्ये फ्लोट मावत नाही. आधी ऑडॅसिटीसारख्या ठिकाणी उघडून सगळ्यात मोठा आवाज शून्य डेसिबलच्या खाली आणायचा, मग २४ बिट फ्लॅक करायचं. उलट्या क्रमाने केलंत तर शून्याच्या वरचं सगळं कापलं जातं. मूळ फ्लोट तशीच ठेवायची असेल तर वेव्हपॅक नावाच्या लॉसलेस प्रकारात ती मावते.

फोनवरच रेकॉर्ड करणार असाल तरी हरकत नाही, पण आधी सेटिंग उघडा. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये ऑडिओ क्वालिटीत लॉसलेस असा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो. अँड्रॉइडवरचे बरेच रेकॉर्डर एएसीमध्ये घेतात, तिथे वेव्ह घेणारं अ‍ॅप टाका, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद करा, नाहीतर आलाप मोठा आणि तान लहान असं उफराटं काहीतरी होतं, शिवाय दोन आलापांच्या मधे तंबोरा फुगून वर येतो. फोन एअरप्लेन मोडवर. हे मी दोनदा विसरलोय आणि दोन्ही वेळा समेवर रिंग वाजली.

पायरी २: कार्डावरून उतरवा आणि मूळ फाइलला हात लावू नका

मूळ फाइल कॉपी करा, तिच्या फोल्डरचं नाव "मूळ" ठेवा, झालं. जे काय कापाकापी करायची ती दुसऱ्या कॉपीवर. लांब कार्यक्रमात रेकॉर्डर फाइल २ किंवा ४ जीबीला तोडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, वेव्हचे तुकडे एकापुढे एक ठेवले की सांधा कळतसुद्धा नाही. हेच जर रेकॉर्डरवर एमपीथ्री लावून केलं असतंत तर सांध्यावर तंबोरा अडखळला असता.

पायरी ३: थोडीच साफसफाई

सुरुवातीचं "हॅलो हॅलो, चेक" आणि खुर्च्या सरकवणं कापा. तंबोरे जुळवतात ते मात्र ठेवा, ऐकणाऱ्याला स्वर तिथेच कळतो. लेव्हल पूर्ण फाइलची एकसारखी वाढवा, म्हणजे नॉर्मलाइझ, कॉम्प्रेसर लावू नका. (कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाची चढउतार सपाट करणारा, त्याचा आणि फाइल कॉम्प्रेस करण्याचा काही संबंध नाही, नाव सारखं असल्यामुळे लोकांचा भयंकर गोंधळ होतो.)

आणि कृपा करून नॉइज रिडक्शन लावून पुढे पाठवू नका. पंख्याची घरघर, कॅसेटची सळसळ आणि तंबोऱ्याचे वरचे स्वरांश, ह्यातला फरक त्या सॉफ्टवेअरला नीट कळत नाही, सळसळ जाते आणि तिच्यासोबत अर्धा तंबोरा जातो. स्वतःच्या ऐकण्यासाठी एक कॉपी करा हवी तर. पुढे जाणारी मास्टर कॉपी सळसळीसकट द्या, दहा वर्षांनी कुणाकडे तरी आपल्यापेक्षा चांगलं साधन असेल आणि त्याला खरा कच्चा माल लागेल.

कॅसेटवाल्यांसाठी जरा जास्त

आपल्याकडे घरोघरी बुटांच्या खोक्यात कॅसेटी पडल्यात, त्यामुळे हे लांबवतोच. डेकचं हेड आणि रबरी रोलर आधी स्पिरिटने पुसून घ्या. हेडचा कोन म्हणजे अझिमथ जुळवायला जमत असेल तर जुळवा, प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर रेकॉर्ड झालेली असते, बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू इकडेतिकडे फिरवताना एका जागी आवाज एकदम उजळतो, मंजिरी ऐकू यायला लागते, ती जागा. हे केल्याने जेवढा फरक पडतो तेवढा ९६ किलोहर्ट्झने नाही पडत.

वेग तपासा. डेक जोरात चालत असेल तर स्वर चढतो. गायक काळी एकमध्ये गाणारे म्हणून माहीत आहेत आणि फाइलमध्ये षड्ज पांढरी दोनच्या जवळ येतोय, तर डेकवर संशय घ्या, घरातली पेटी काढून लावून बघा. उतरवताना २४ बिट ४८ पुरे.

एक सांगून ठेवतो, कॅसेटच्या फाइलींचं फ्लॅक फारसं लहान होत नाही. सळसळ म्हणजे नुसता गोंधळ, त्याची घडी बसत नाही. त्यामुळे शांत स्वच्छ रेकॉर्डिंग निम्म्यावर आलं आणि कॅसेट सत्तर टक्क्यांवरच अडली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

पायरी ४: फ्लॅक करा

विंडोजवर फूबार२००० चा कन्व्हर्टर सोपा आहे, फाइल त्यात ओढा, राइट क्लिक, कन्व्हर्ट, फ्लॅक. फ्लॅकचा एन्कोडर लागतो तो त्यांच्याच साइटवरच्या मोफत एन्कोडर पॅकमध्ये येतो. एडिट ऑडॅसिटीत केलं असेल तर थेट तिथूनच एक्सपोर्ट करून फ्लॅक निवडा आणि बिट डेप्थ २४ आहे ना बघा.

तिथे लेव्हल ० ते ८ असा आकडा विचारतात. हा दर्जाचा आकडा नाही. ० आणि ८ दोन्हींत आवाज अगदी तोच, ८ला घडी जरा घट्ट बसते आणि वेळ थोडा जास्त लागतो. मी ८ ठेवतो आणि चहा करायला जातो.

वाटण्यासाठी २४ बिट ठेवायचं की १६ करायचं, ह्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलची चढउतार मावते, आणि बैठकीच्या खोलीत पंखा, खोकला, रस्त्यावरची रिक्षा हे सगळं धरलं तर एवढी चढउतार असतच नाही. ऐकायला १६ पुरेसं आहे. पण मास्टर म्हणून जी कॉपी जपणार ती २४ मध्येच राहू द्या, उगाच कशाला आकडे फेकायचे. २४ चं १६ करताना डिदर (आकडे गोल करताना मिसळायची अगदी बारीक सळसळ) चालू ठेवा, ऑडॅसिटीत ते मुळातच चालू असतं.

राग मधेच कापू नका. विलंबितातून द्रुतात जाताना कुठे थांबायचं हे गायकाने ठरवलंय, ट्रॅकची खूण तिथे टाकायला हरकत नाही पण फ्लॅकमध्येच टाका, तिथे कापलेले दोन तुकडे अगदी चिकटून वाजतात. एमपीथ्री ११५२ नमुन्यांच्या ठोकळ्यांत चालतो, म्हणजे सेकंदाचे साधारण चाळीस तुकडे, शिवाय सुरुवातीला थोडी शांतता आपली आपण घालतो, काही प्लेअर ती सांभाळून घेतात आणि काही नाही. आणि अजूनही कुणी काका सीडी बर्न करून मागत असतील तर १६ बिट ४४.१ ची कॉपी करून तुकडे ५८८ नमुन्यांच्या पटीत पाडावे लागतात, कारण सीडीची एक चौकट तेवढी असते, नाहीतर सांध्यावर टिक् असा आवाज येतो.

पायरी ५: नाव, गाव आणि वंशावळ

मला ही पायरी फॉरमॅटपेक्षाही महत्त्वाची वाटते. "रेक शून्य शून्य सात" नावाची फाइल दोन वर्षांनी कुणाची हे तुम्हालाही सांगता येणार नाही. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्ष-महिना-दिवस ह्या क्रमाने, म्हणजे फोल्डरमध्ये आपोआप ओळीने लागतात, मग कलाकार, मग राग. फ्लॅकच्या टॅगमध्ये देवनागरी व्यवस्थित बसतं, तेव्हा राग, ताल, बंदिशीचे सुरुवातीचे शब्द, साथीला कोण, सगळं मराठीतच लिहा. वेव्हमध्ये टॅगची बोंब असते, वेव्ह तशीच न वाटता फ्लॅक करण्याचं हेही एक कारण.

शिवाय फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल टाका. कुठे झालं, कधी झालं, तबला-पेटी-तंबोरा कुणाचा, परवानगी कुणी दिली आणि कशापुरती, आणि रेकॉर्डिंगची वंशावळ: कुठला माइक, कुठला रेकॉर्डर, कुठल्या सेटिंगवर, मग कुठलं सॉफ्टवेअर, काय काय केलं, मग फ्लॅक. कॅसेट असेल तर मूळ कॅसेट की कॉपीची कॉपी तेही. ही सवय अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड नावाच्या बँडच्या चाहत्यांकडून घेण्यासारखी आहे. ह्या बँडने श्रोत्यांना रेकॉर्ड करायला मोकळीक दिली होती, १९८४ मध्ये तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली, अट एवढीच की विकायचं नाही. त्यातून कॅसेटी हाताहाताने फिरायच्या आणि प्रत्येक कॅसेटीबरोबर ती कितव्या पिढीची कॉपी आहे हे लिहिलेलं असायचं. इंटरनेट आल्यावर १९९८ च्या सुमारास त्याच मंडळींनी शॉर्टन नावाच्या लॉसलेस प्रकारात वाटप सुरू केलं, नंतर फ्लॅकवर आले, आणि एमपीथ्री वाटपात येऊच द्यायचा नाही हा नियम कडकपणे पाळला. आज इंटरनेट आर्काइव्हवर त्यांचे हजारो कार्यक्रम ऐकता येतात ते त्या शिस्तीमुळे.

पायरी ६: कुणाला काय पाठवायचं

सगळ्यांना सगळं फ्लॅक पाठवायचं असं मी मुळीच म्हणत नाहीये. अडीच तासांची बैठक धरा. २४ बिट ४८ ची वेव्ह अडीच जीबीच्या वर, तिचं फ्लॅक दीड जीबीच्या आसपास, १६ बिटचं फ्लॅक ८००-९०० एमबी, ३२० चा एमपीथ्री ३६० एमबी, १९२ चा २१६, आणि १२८ चा १४४. आता माणसं बघा.

कलाकार आणि त्यांच्या घरचे: पूर्ण २४ बिट फ्लॅक, टेक्स्ट फाइलसकट, शक्यतो पेनड्राइव्हवर हातात नेऊन द्या. सोबत एमपीथ्रीची एक कॉपी, कारण वडीलधाऱ्यांना गाडीत नाहीतर टीव्हीला लावून ऐकायचं असतं, फ्लॅक चालत नाही म्हणून ती फाइल पडून राहायला नको.

जो संग्रह करतो, पुढे जपणार आहे, शिष्य आहे, लिहिणारा आहे: फ्लॅकच. एमपीथ्री मागितला तरी फ्लॅक द्या आणि त्यातून एमपीथ्री कसा काढायचा ते सांगा.

नुसतं ऐकणारे, म्हणजे ग्रुपवरचे पन्नास जण: एमपीथ्री, लेम नावाच्या एन्कोडरने व्हेरिएबल (गरजेप्रमाणे बदलणाऱ्या) बिटरेटचा व्ही०, तो सरासरी २४५ च्या आसपास जातो, किंवा सरळ २५६. प्रवासात डेटा वाचवायचा असेल तर ओपस १२८ हा त्याच आकाराच्या एमपीथ्रीपेक्षा तंबोऱ्याला कितीतरी चांगला सांभाळतो, पण जुन्या गाडीच्या स्टिरिओवर चालत नाही. १२८ च्या खालचा एमपीथ्री संगीतासाठी काढूच नका. ६४ चं काय होतं ते वर सांगितलंय.

प्रत्येक वेळी ही लॉसी कॉपी फ्लॅकवरूनच काढायची, आधीच्या एमपीथ्रीवरून कधीही नाही. आणि हाताशी फक्त एमपीथ्रीच असेल, त्यातला तुकडा कापायचाय, तर एमपीथ्रीडायरेक्टकट वापरा, ते नव्याने एन्कोड न करता नुसतं कापतं.

"माझ्याकडे फ्लॅक वाजतच नाही" हे हल्ली फारसं खरं नसतं. अँड्रॉइडवर वाजतं, विंडोज १० पासून विंडोजवर वाजतं, आयफोनच्या फाइल्समध्ये वाजतं, नाहीच तर व्हीएलसी टाका. अ‍ॅपलच्या म्युझिक अ‍ॅपमध्येच घ्यायचं असेल तर अलॅक करून द्या.

पायरी ७: प्रत्यक्ष पाठवताना होणारे घोळ

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि फाइल जशीच्या तशी पोचते. माइकचं बटण दाबून स्पीकरसमोर फोन धरून पाठवलेलं म्हणजे व्हॉइस नोट, ती बोलण्यासाठी बनवलेली आहे, मोनो आणि अगदी कमी बिटरेटची, तिच्यात गाणं घालू नका. फोटो लावून व्हिडिओ करून पाठवला तरी आवाज परत दाबला जातो. गूगल ड्राइव्हचे फुकटचे १५ जीबी आहेत, त्यात मेल आणि फोटोही येतात, पण दोन-चार बैठका बसतात. लिंकबरोबर एक ओळ लिहा की प्ले करून ऐकू नका, डाउनलोड करा.

फाइल नीट पोचली का हे आकार बघून समजत नाही. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ठसा (आकड्यांवरून काढलेली ओळखखूण) आतच साठवलेला असतो, त्यावरून फाइल तपासता येते. पूर्ण फोल्डरसाठी सेव्हनझिप टाकलं असेल तर राइट क्लिकवर चेकसम काढायची सोय आहे, तो लांबलचक आकडा मेसेजमध्ये पाठवा, समोरच्याने त्याच्याकडे काढावा, जुळला तर पोचलं. फोल्डर झिप करताना लहान होईल ही अपेक्षा ठेवू नका, घडी आधीच घातलेली आहे.

कुणी तुम्हाला फ्लॅक दिलं तर

ते खरंच लॉसलेस आहे का बघा, कारण एमपीथ्रीला फ्लॅकचा अंगरखा घातलेल्या फाइली खूप फिरतात. स्पेक नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे, फाइल त्यात टाकली की आवाजाचं चित्र दिसतं, खाली खर्ज, वर बारीक आवाज. १२८ च्या एमपीथ्रीतून आलेली असेल तर १६ किलोहर्ट्झला सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ, वर सगळं काळं.

पण लगेच पाठवणाऱ्यावर धावून जाऊ नका, हे माझ्याकडून एकदा झालंय आणि माफी मागावी लागली. कॅसेटमध्ये वरचा आवाज तसाही नसतो, तो मात्र हळूहळू विरत जातो, रेघ नसते. एफएम रेडिओवरून घेतलेलं असेल तर १५ किलोहर्ट्झलाच थांबतं, ती रेडिओची हद्द आहे. आणि कधीकधी १५.६ च्या जवळ एक बारीक अखंड रेघ दिसते, तो शेजारच्या खोलीत चालू असलेला जुना डबा टीव्ही. कुणाच्या तरी दिवाणखान्यातली १९८५ ची बैठक अशी अचानक डोळ्यांसमोर येते. वंशावळीची टेक्स्ट फाइल सोबत असेल तर ह्यातलं काहीच ओळखत बसावं लागत नाही.

आणि दर्जा ठरवताना ब्लूटूथ हेडफोन काढून ठेवा. ब्लूटूथ बहुतेक वेळा आवाज आपला आपण लॉसी करूनच पाठवतं, मग फ्लॅक आणि एमपीथ्री दोन्ही सारखेच वाटणार. वायरचे साधे हेडफोन घ्या आणि आलापाच्या मधल्या शांत जागा ऐका, तिथे तंबोरा कसा आहे ते बघा.

पायरी ८: कार्ड फॉरमॅट करण्याआधी

माझ्या रेकॉर्डरच्या पाउचमध्ये एक चिठ्ठी आहे. त्यावर लिहिलंय: फ्लॅक दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर गेलं का, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी आहे का, आणि त्या दोन्हींवरून शेवटची पाच मिनिटं वाजवून ऐकली का. शेवटचीच, कारण अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला अगदी व्यवस्थित वाजते. तिन्हींवर टिक झाल्याशिवाय मी कार्डला हात लावत नाही, पुढचा कार्यक्रम उद्या सकाळी असला तरी. नवीन कार्ड विकत आणतो.